वाचकांचे प्रश्न : मुलांसाठी पहिला टॅब घेताना

प्रश्न : माझी मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल. गोष्टी ऐकणे, वाचणे आणि थोडाफार अभ्यास यांसाठी तिला टॅब घ्यावा, असे घरात ठरले आहे. बारा हजार रुपयांच्या आसपास खर्च करता येईल. ऑनलाइन दुकानांत चार-पाच हजारांना जाड रबरी कव्हरासह ‘खास मुलांचा’ टॅब मिळतो आणि तो पडला तरी फुटत नाही, अशी जाहिरात असते. तो घ्यावा, की नेहमीच्या कंपनीचा साधा टॅब घ्यावा? घरातले दोन मोबाइल मुलीच्या हातून फुटले असल्यामुळे टिकाऊपणा आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.
— एक पालक, बार्शी

उत्तर : साधा टॅब घ्यावा. जाहिरातीतल्या त्या टॅबचे जे काही रक्षण होते ते कव्हरामुळे होते, आणि तसेच फोमचे कव्हर कोणत्याही प्रचलित मॉडेलसाठी काही शे रुपयांत वेगळे मिळते. आतले यंत्र मात्र बहुधा दोन जीबी रॅम आणि बत्तीस जीबी स्टोरेजचे असते. त्यातला बराचसा भाग अँड्रॉइड आणि आधीच भरलेली अ‍ॅप व्यापतात, त्यामुळे काही महिन्यांत ‘जागा शिल्लक नाही’ ही सूचना दिसू लागते आणि एका स्पर्शाला प्रतिसाद मिळायला वेळ लागला की मूल दहा वेळा बोट आपटते. 2011 साली सरकारने गाजावाजा करून आणलेला ‘आकाश’ टॅब अनेकांना आठवत असेल. त्याची किंमत आकर्षक होती, पण 256 एमबी रॅम आणि दाबल्याशिवाय स्पर्श न ओळखणारा पडदा यांमुळे तो वापरणाऱ्याच्या संयमाची परीक्षा पाहत असे. न फुटलेला परंतु वापरावासा न वाटणारा टॅब टिकाऊ म्हणता येत नाही. माझ्या मते तिसऱ्या वर्षीही मुलीला त्यावर विनातक्रार काम करता आले, तरच तो टिकला.

टॅब फुटतो तो प्रामुख्याने कोपऱ्यावर पडल्यामुळे. सपाट पडल्यास आघात पसरतो. कोपऱ्यावर पडल्यास तो एका बिंदूवर येतो आणि तेथून काचेला तडा जातो. म्हणून कव्हर निवडताना त्याचे चारही कोपरे फुगीर आहेत का आणि त्याची कड पडद्याच्या पातळीहून थोडी वर उचललेली आहे का, एवढे आवर्जून पाहावे. रंग, कार्टून, मूठ यांना त्यानंतरचे स्थान आहे, तरीही मागे उभे करण्याची मूठ उपयोगी पडते, कारण टॅब टेबलावर उभा राहिला की हातातून पडण्याचे प्रसंगच कमी होतात. वजनाकडेही लक्ष द्यावे. सॅमसंगचा 8.7 इंची गॅलेक्सी टॅब ए 9 सुमारे 332 ग्रॅमचा आहे, तर त्याचाच अकरा इंची भाऊ ए 9 प्लस सुमारे 480 ग्रॅमचा. वर कव्हराचे वजन वेगळे. सहा वर्षांच्या मुलीला मोठा टॅब एका हातात पेलत नाही, त्यामुळे या वयासाठी आठ-नऊ इंचांपेक्षा मोठा पडदा घेऊ नये.

इतकी काळजी घेऊनही काच फुटू शकते, हे गृहीत धरूनच खरेदी करावी. महागड्या टॅबमध्ये स्पर्शाची काच आणि खालचा डिस्प्ले एकमेकांना चिकटवलेले असतात, त्यामुळे चित्र अधिक सुंदर दिसते; परंतु काच तडकली की सबंध कॉम्बो बदलावा लागतो आणि ते बिल कधी कधी टॅबच्या निम्म्या किमतीपर्यंत जाते. स्वस्त टॅबमध्ये बऱ्याचदा या दोहोंमध्ये हवेची फट ठेवलेली असते. तंत्रज्ञानाचे परीक्षण करणारे याला उणीव मानतात. लहान मुलाच्या घरी मात्र ती सोय ठरते, कारण आतला डिस्प्ले शाबूत असेल तर नुसती काच बदलून काम भागते. टॅब घेण्यापूर्वी बार्शीतल्या तुमच्या नेहमीच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला मॉडेलचे नाव सांगून ‘याची नुसती काच मिळते का, आणि कितीला?’ एवढे विचारावे. त्या उत्तराने जे कळेल ते ऑनलाइन अभिप्राय वाचून कळणार नाही. कंपनीचे अधिकृत सर्व्हिस सेंटर बार्शीत नसल्यास सोलापुरात तरी आहे का, हेही त्याच वेळी पाहून ठेवावे. अनोळखी नावाच्या टॅबला हे दोन्ही प्रश्न लागूच पडत नाहीत, कारण त्याचा सुटा भाग कोणाकडेच नसतो.

काचेखालोखाल बिघडते ती चार्जिंगची पिन. चार्जिंगला लावलेला टॅब मांडीवर घेऊन मूल सोफ्यावर लोळते, वायर ओढली जाते आणि आतली जोडणी सैल होते. यूएसबी-सी पिन उलटसुलट कशीही बसत असल्याने जुन्या मायक्रो-यूएसबीपेक्षा तिचे आयुष्य अधिक असते, म्हणून आज मायक्रो-यूएसबीचा टॅब कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. चार्जिंग मोठ्या माणसाने करावे आणि त्या वेळी टॅब मुलीच्या हातात देऊ नये. पाण्याबाबत सांगायचे तर या किमतीच्या टॅबला सहसा जलरोधक मानांकन नसते. जेवणाच्या पानाजवळ तो ठेवू नये, यापलीकडे त्यावर उपाय नाही.

आता प्रत्यक्ष खरेदी. किमान चार जीबी रॅम, 64 जीबी स्टोरेज, मेमरी कार्डाचा खाचा आणि शक्य तितकी अलीकडची अँड्रॉइड आवृत्ती, एवढ्या अटी धराव्यात. सुरक्षा अपडेट किती वर्षे देणार हे कंपनी जाहीर करते का, ते पाहावे. दुकानदाराला बहुधा ते ठाऊक नसते. टॅब ए 9 हा 2023 च्या ऑक्टोबरात 12,999 रुपयांना, तर 8.7 इंची रेडमी पॅड एसई 2024 मध्ये 10,999 रुपयांना बाजारात आला होता. दोन्ही किमती चार जीबी रॅमच्या वायफाय मॉडेलच्या होत्या. त्यानंतर नवी मॉडेले येत राहिली आहेत आणि सवलतींच्या दिवसांत किमती खाली-वर होतात, पण तुमची बारा हजारांची मर्यादा वास्तवाला धरून आहे, हे यावरून दिसेल. टॅबवर साडेदहा-अकरा हजारच खर्च करावेत आणि उरलेल्या पैशांत कव्हर, टेंपर्ड ग्लास व मेमरी कार्ड घ्यावे. सिमकार्डाचे मॉडेल घेण्याची गरज नाही. घरच्या वायफायवर किंवा तुमच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालते, आणि इंटरनेट तुमच्या हातात राहते हा त्याचा मोठा लाभ आहे. टॅबवर किंवा खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचा R ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपमध्ये तो टाकून पडताळून पाहता येतो. बॅटरी मुलाच्या मांडीवर तापणार असल्याने ही पडताळणी टाळू नये.

पहिल्या दिवशी टॅब मुलीच्या हाती देण्याआधी गूगलच्या ‘फॅमिली लिंक’वर तिचे खाते उघडावे. रोजची वेळ, रात्रीचे कुलूप आणि नव्या अ‍ॅपची परवानगी हे सारे त्यामुळे तुमच्या मोबाइलवरून ठरवता येते, आणि ही सोय विनामूल्य आहे. मजकुराची मराठीत तितकीशी वानवा नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात उतरवून घेता येतात, पुस्तकांतील क्यूआर कोड सरकारच्या ‘दीक्षा’ अ‍ॅपमध्ये उघडतात, आणि प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावरील चित्रकथा एकदा उतरवल्या की इंटरनेटशिवायही वाचता येतात. वेळेबाबत भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने 2021 मध्ये दिलेला सल्ला असा, की पाच ते दहा वर्षांच्या मुलांचा पडद्यापुढचा एकूण वेळ दिवसाला दोन तासांपेक्षा कमी असावा. यात दूरदर्शन संच आणि आजीचा मोबाइलही मोजायचा असतो, हे पुष्कळ घरांत विसरले जाते.

प्रश्न : माझा भाऊ न्यू जर्सीहून येताना माझ्या चार वर्षांच्या मुलासाठी अ‍ॅमेझॉनचा ‘फायर किड्स’ टॅब आणतो म्हणतो. आणू द्यावा का?
— एक आई, नागपूर

उत्तर : भावाच्या स्वतःच्या मुलासाठी मी तोच सुचवला असता. अमेरिकेत त्याच्यासोबत कव्हर येते आणि दोन वर्षांत तो फुटला तर बदलून मिळतो. मात्र ही हमी नागपुरात बसून वापरणे व्यवहार्य नाही, आणि हमी वजा केली तर त्याचे मुख्य आकर्षणच उरत नाही. शिवाय त्याची फायर ओएस ही प्रणाली अँड्रॉइडवर बेतलेली असली तरी तिच्यात गूगलचे प्ले स्टोअर नसते, त्यामुळे वर उल्लेखिलेली ‘दीक्षा’सारखी अ‍ॅप सरळ मार्गाने मिळत नाहीत. भावाला आणायचेच असेल तर मुलांचे हेडफोन आणायला सांगावेत, मात्र कमाल आवाज 85 डेसिबलवर रोखणारे.

प्रश्न : ओळखीतल्या एका गृहस्थांचा सिमकार्ड चालणारा जुना टॅब तीन हजारांना मिळत आहे. नातवासाठी घ्यावा का?
— एक आजोबा, चिपळूण

उत्तर : टॅब टेबलावर पालथा ठेवून पाठ फुगलेली दिसते का, ते पाहावे, किंचितही फुगवटा असल्यास बॅटरी धोकादायक झालेली असते आणि व्यवहार तेथेच थांबवावा. बॅटरी ठीक असेल तर विक्रेत्याला त्याचे गूगल खाते तुमच्यासमोर काढून टॅब रीसेट करायला सांगावे, नाही तर पुढे त्याचाच पासवर्ड मागितला जाईल. मग सेटिंग्जमधून आयएमईआय क्रमांक (प्रत्येक यंत्राचा स्वतंत्र ओळखक्रमांक) पाहून KYM लिहून एक जागा सोडावी, पुढे तो क्रमांक लिहावा आणि 14422 वर एसएमएस पाठवावा. टॅबचा आयएमईआय क्रमांक चोरीच्या वगैरे यंत्रांच्या काळ्या यादीत आहे का, ते उत्तरातून कळते. एवढे करूनही अँड्रॉइडची आवृत्ती फार जुनी निघाली आणि नातवाला हवी असलेली अ‍ॅपच त्यावर बसत नसली, तर तीन हजारही जास्त आहेत.