बायबलमध्ये ईश्वरनिंदा कशाला म्हटलं आहे? रागात देवाला बोललेलं कधीच माफ होत नाही का?

तुम्ही लिहिलंय की आई गेली त्या रात्री तुम्ही देवाला तोंडाला येईल ते बोललात, आणि आता ओळखीतल्या एकाने सांगितलं की बायबलप्रमाणे हे 'कधीही क्षमा न होणारं पाप' आहे. आधी तुमच्या भीतीचं उत्तर देते: नाही, हे ते पाप नाही. का नाही, ते जरा सविस्तर सांगते, कारण नुसतं 'घाबरू नका' म्हणून भीती जात नाही हे मला माहीत आहे. मी तेरा वर्षांची असताना माझा धाकटा भाऊ तापाने गेला. आमचं घर नगरकडचं, ख्रिस्ती. रोज संध्याकाळी घरात प्रार्थना व्हायची. त्या आठवड्यात मी प्रार्थनेला बसले नाही, आणि देव खोटारडा आहे असं सगळ्यांसमोर म्हणाले. मग मार्कच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातलं, क्षमा न होणाऱ्या पापाचं ते वचन वाचनात आलं आणि कित्येक महिने माझी झोप उडाली. पुढे मोठी झाल्यावर थोडी हिब्रू, थोडी ग्रीक शिकले, ती याच एका वचनापायी.

आपल्या मराठी बायबलमध्ये 'निंदा' आणि 'दुर्भाषण' हे शब्द येतात. हिब्रू शास्त्रात, म्हणजे जुन्या करारात, मात्र यासाठी एकच एक शब्द नाही. मूळ कायदा आहे लेवीय 24 मध्ये, आणि तो एका भांडणातून येतो. छावणीत दोघांची जुंपते. एकाची आई इस्राएली, बाप मिसरी, म्हणजे इजिप्तचा. आईचं नाव दिलं आहे: शलोमीथ, दान वंशातल्या दिब्रीची मुलगी. त्या मुलाचं स्वतःचं नाव मात्र कुठेच नाही. भांडणाच्या भरात तो 'ते नाव', म्हणजे देवाचं नाव, घेतो आणि शाप देतो, आणि त्याला छावणीबाहेर नेऊन धोंडमार केली जाते. इथे दोन क्रियापदं आहेत. एक 'नाकाव': भोक पाडणं, टोचणं, आणि एखादं नाव स्पष्ट उच्चारणं. दुसरं 'किल्लेल': शाप देणं, पण त्याच्या मुळाशी 'हलकं असणं' हा अर्थ आहे. याच्या बरोबर उलट शब्द 'काव्होद', म्हणजे गौरव, आणि त्याच्या मुळाशी आहे वजन. आपणही 'त्याच्या शब्दाला वजन आहे' म्हणतो, 'कुणाला हलकं लेखू नये' म्हणतो. हिब्रू माणसाला ईश्वरनिंदा म्हटल्यावर जे दिसत होतं ते जवळपास हेच: ज्याचं वजन सगळ्यात जास्त, त्याला हलकं करणं.

या शब्दांची धास्ती इतकी, की कित्येक ठिकाणी 'देवाला शाप दिला' असं लिहायलाही लेखणी धजत नाही. तिथे 'देवाला आशीर्वाद दिला' असं लिहिलेलं आहे. मुलंबाळं, संपत्ती सगळं गमावलेल्या ईयोबाला त्याची बायको म्हणते, 'देवाला शाप दे आणि मरून जा', तिथे मूळ हिब्रूत क्रियापद आशीर्वादाचं आहे. घरातून निघताना आपण 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो, तशातला हा प्रकार.

पुढे यहुदी धर्मपंडितांनी हा कायदा फार अरुंद केला, आणि मला त्याचं मोल वाटतं. इसवी सन 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी कायद्याच्या ग्रंथात म्हटलं आहे की देवाचं ते चार अक्षरी नाव प्रत्यक्ष उच्चारल्याशिवाय माणूस या गुन्ह्याला पात्र ठरत नाही. साक्षी-पुरावा चालू असताना साक्षीदारांनीही ते नाव घ्यायचं नाही, त्याऐवजी 'योसे' असं एक साधं नाव वापरायचं. शेवटी सगळ्यांना बाहेर काढून मुख्य साक्षीदाराला म्हणायचं, तू नेमकं काय ऐकलंस ते सांग. तो ते सांगतो, न्यायाधीश उभे राहतात आणि आपली वस्त्रं फाडतात, आणि ती पुन्हा शिवत नाहीत. दुसरा साक्षीदार फक्त एवढंच म्हणतो, 'मीही असंच ऐकलं.' शंका, राग, विलाप, प्रश्न यांतलं काहीही या चौकटीत बसत नाही.

आणि हा आरोप किती धोक्याचा, हे शास्त्रच दाखवून देतं. 1 राजे 21 मधली नाबोथाची गोष्ट वाचा. इज्रेलमध्ये त्याचा द्राक्षमळा राजवाड्याला लागून होता. अहाब राजाला तिथे भाजीचा मळा करायचा होता. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांची जमीन मी देणार नाही. राजा तोंड फिरवून अंथरुणावर पडला, जेवेना. तेव्हा ईजबेल राणीने राजाच्या नावाने, राजाची मोहर लावून गावच्या वडीलधाऱ्यांना पत्रं लिहिली: उपासाचा दिवस ठरवा, नाबोथाला लोकांपुढे मानाच्या जागी बसवा, आणि त्याच्यासमोर दोन गुंड बसवून त्याने देवाला आणि राजाला शाप दिला अशी साक्ष द्यायला लावा. दोनच का? कारण नियमशास्त्राप्रमाणे देहदंडाला किमान दोन साक्षीदार लागतात. सगळं अगदी कायद्याबरहुकूम झालं, उपाससुद्धा पाळला. नाबोथ धोंडमाराने मेला, मळा राजाचा झाला. बायबलमध्ये ईश्वरनिंदेच्या आरोपाखाली साक्षीदार उभे करून चाललेला जो खटला पहिल्यांदा दिसतो तो असा आहे: रचलेला, जमिनीसाठी. 'देवाच्या सन्मानासाठी' कोणी ओरडू लागलं की मला हा मळा आठवतो.

नव्या करारात शब्द बदलतो. ग्रीकमध्ये 'ब्लास्फेमिया', आणि त्याचा अर्थ फक्त देवाची निंदा असा नाही. कुणाचीही बदनामी, कुणालाही लागेल असं वाईट बोलणं. तीताला लिहिलेल्या पत्रात 'कोणाची निंदा करू नये' असं आहे, तिथे हेच क्रियापद माणसांविषयी वापरलं आहे. म्हणजे शेजाऱ्याविषयी पसरवलेली अफवा आणि देवाविषयी काढलेले अपशब्द, दोन्हींना एकच शब्द.

शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्राच्या पुस्तकांत, हा आरोप वारंवार येशूवरच होतो. कफर्णहूमात तो पक्षघाती माणसाला 'तुझ्या पापांची क्षमा झाली आहे' म्हणतो, तर शास्त्री मनात म्हणतात, हा दुर्भाषण करतो, देवाखेरीज पापांची क्षमा कोण करणार? शेवटी महायाजकासमोर तो स्वतः कोण आहे ते सांगतो आणि महायाजक वस्त्रं फाडतो. गंमत नाही, लक्षात घेण्याची गोष्ट आहे: मार्कच्या वृत्तांतात येशू तिथेही देवाचं नाव घेत नाही, 'सर्वसमर्थाच्या उजवीकडे' असं म्हणतो. मिश्नाच्या काटेकोर व्याख्येत हे बसलंच नसतं, पण मिश्ना त्यानंतरची. आणि इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. या प्रसंगावरून शतकानुशतकं यहुदी लोकांवर जे अत्याचार झाले, त्याला हा मजकूर आधार देत नाही. ईश्वरनिंदेची शिक्षा धोंडमार होती. क्रूस ही रोमी शिक्षा होती, आणि क्रूसावरच्या फलकावर लिहिलं होतं, 'यहुद्यांचा राजा'.

आता तुमचं वचन, मार्क 3. यरुशलेमहून आलेले शास्त्री पाहतात की येशू भुतं काढतो, लोक बरे होतात. त्यांच्या डोळ्यांसमोर माणसं सुटताहेत, आणि ते म्हणतात, याच्यात बालजबूल आहे, हा भुतांच्या अधिपतीच्या बळावर भुतं काढतो. त्यावर येशू म्हणतो की माणसांना सगळ्या पापांची, ते करतील त्या सगळ्या दुर्भाषणांची क्षमा होईल, पण पवित्र आत्म्याविरुद्ध जो दुर्भाषण करतो त्याला क्षमा नाही. घाबरलेला माणूस वाक्याचा दुसरा अर्धाच वाचतो. मीही तेच करत होते. पहिल्या अर्ध्यात 'सगळ्या' आहे. आणि त्याच्या लगेच पुढे मार्क स्वतः कारण देतो: कारण 'त्याला अशुद्ध आत्मा लागला आहे' असं ते म्हणत होते. मत्तय आणि लूक तर आणखी स्पष्ट सांगतात: मनुष्याच्या पुत्राविरुद्ध, म्हणजे खुद्द येशूविरुद्ध, कोणी काही बोलला तर त्याची क्षमा होईल. म्हणजे हे पाप दुःखात सुटलेल्या वाक्याचं नाही. समोर चांगलं घडतंय हे दिसत असताना, शांत डोक्याने, आपलं स्थान राखण्यासाठी त्याला सैतानी ठरवणाऱ्या माणसांचं आहे. आमच्या पाळकांनी मला एवढंच सांगितलं होतं: 'बाळ, ज्याने हे पाप केलं असतं त्याला त्याची भीती वाटली नसती.' ते तेव्हा समजूत घालणं वाटलं. आता मजकूर नीट वाचून मला ते पटतं.

हिब्रू शास्त्राला ज्याची याहून जास्त चीड आहे ते वेगळंच आहे. त्याला 'हिल्लूल हाशेम' म्हणतात, नावाची विटंबना, आणि ती तोंडाने नाही, वागण्याने होते. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात, 34 व्या अध्यायात, यरुशलेमला बाबेलच्या फौजेचा वेढा पडलेला असताना सिद्कीया राजा आणि लोक करार करून आपल्या इब्री दासदासींना मोकळं करतात. मग फौज जरा मागे हटते, तशी त्याच माणसांना धरून आणून पुन्हा गुलाम करतात. देव म्हणतो, तुम्ही माझं नाव भ्रष्ट केलंत. या लोकांपैकी कोणी देवाला शिवी दिलेली नव्हती. ताल्मूद या यहुदी ग्रंथात राव नावाचे गुरू म्हणतात, मी खाटकाकडून मांस घेऊन लगेच पैसे दिले नाहीत, तर माझ्यासारख्यासाठी ती नावाची विटंबना. येशूचा प्रेषित पौलही रोमकरांना लिहिलेल्या पत्रात हेच ऐकवतो: तुमच्यामुळे परराष्ट्रीयांत देवाच्या नावाची निंदा होते. तुम्हाला ज्यांनी घाबरवलं, त्यांनी शास्त्राची ही पानंही वाचायला हवीत.

आणि देवाला खडसावणारी माणसं शास्त्रात किती आहेत! यिर्मया म्हणतो, तू मला फसवलंस. स्तोत्र 44 म्हणतं, जागा हो, झोपलास का? ईयोब तर म्हणतो की देव निर्दोषाचा आणि दुष्टाचा दोघांचाही नाश करतो. त्याचे मित्र सगळा वेळ देवाची बाजू मांडत बसतात, आणि बेचाळिसाव्या अध्यायात देव त्या मित्रांवर रागावतो: माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं नीट बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. माझ्या आजीने त्या वर्षी मला हे वचन बोट ठेवून वाचायला लावलं होतं.

तुम्हाला काही वाचायचं असेल तर लगेच दिलाशाची वचनं शोधू नका. स्तोत्र 88 काढा. बाकीची विलापाची स्तोत्रं बहुधा शेवटी कुठेतरी वळतात, स्तुतीकडे येतात. हे वळत नाही. 'तू माझे जिवलग माझ्यापासून दूर केलेस' असं देवालाच सुनावत ते संपतं, आणि हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द आहे अंधार. इतक्या पिढ्यांनी ते उतरवून घेतलं, देवळात आणि सभास्थानात म्हटलं. कोणी ते गाळलं नाही.