व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जाताना प्रवासाचे दिवस कसे आखावेत

उत्तराखंडमधल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्स या फुलांच्या खोऱ्याच्या सहलीचा तुमचा बेत वाचला; तुम्ही चार दिवसांत सारे बसवले आहे, पण त्यात घाटरस्त्यासाठी एकही दिवस मोकळा ठेवलेला नाही, याची मला खरी काळजी वाटते. जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे नेमक्या फुलांच्या दिवसांत, ऋषिकेश ते जोशीमठ हा सुमारे अडीचशे किलोमीटरचा रस्ता दरड कोसळून कधीही अडतो. एकदा याच रस्त्यावर पिपलकोटीच्या अलीकडे जेसीबी माती उपसत असताना आम्ही सहा तास गाडीतच बसून होतो. म्हणून हरिद्वारहून पहाटेच निघावे, मुक्काम जोशीमठला करावा आणि परतीच्या रेल्वेआधी एक दिवस राखून ठेवावा.

जोशीमठच्या पुढे, गोविंदघाटहून पुलना गावापर्यंतचे चार किलोमीटर सामायिक जीपने होतात; पुढे घांघरिया या मुक्कामाच्या गावापर्यंत सुमारे दहा किलोमीटरची चढण पायी किंवा खेचरावरून पार करावी लागते. मात्र व्हॅली ऑफ फ्लॉवर्स राष्ट्रीय उद्यानात खेचरांना मज्जाव आहे आणि मुक्कामही करता येत नाही, त्यामुळे सकाळी फाटक उघडताच आत शिरणे उत्तम. रोख रक्कम मात्र जोशीमठलाच काढून घ्या.