चॅलेंज-रिस्पॉन्सने डिनायल-ऑफ-सर्व्हिस हल्ला खरंच थांबतो का?

डिनायल-ऑफ-सर्व्हिस म्हणजे मारा करून सर्व्हर ठप्प पाडणं, आणि चॅलेंज-रिस्पॉन्स म्हणजे समोरच्याकडून आधी एक उत्तर मागणं आणि ते आल्यावरच पुढे जाणं. याने खोट्या पत्त्यांवरून येणारा हल्ला थांबतो. खऱ्या मशीनच्या बॉटनेटचा (हल्लेखोराने ताब्यात घेतलेल्या संगणकांच्या जाळ्याचा) मात्र नाही, कारण ती मशीन चॅलेंजला रीतसर उत्तर देतात. सिन फ्लडमध्ये हल्लेखोर खोटा सोर्स आयपी (पाठवणाऱ्याचा पत्ता) टाकून सिन पॅकेटांचा, म्हणजे टीसीपी जोडणीच्या पहिल्या विनंत्यांचा, मारा करतो आणि सर्व्हर प्रत्येक पॅकेटसाठी मेमरीत जागा अडवून बसतो. १९९६ साली डॅनियल बर्नस्टाइन यांनी सुचवलेली सिन कुकी नेमकी इथे कामी येते. दोन्हीकडचे पत्ते, पोर्ट, वेळ आणि स्वतःची गुप्त की यांचा हॅश (त्यांच्यापासून गणिताने काढलेला आकडा) काढून सर्व्हर तो ३२ बिटांच्या सिक्वेन्स नंबरमध्ये बसवतो, सिन-अ‍ॅक या उत्तरासोबत पाठवतो आणि स्वतःकडे काहीच ठेवत नाही. क्लायंटने त्या आकड्यात एक मिळवून तो परत आणला, तरच मेमरी खर्च होते. खोट्या पत्त्यावर गेलेलं उत्तर हल्लेखोराच्या हाती पडतच नाही. यातली सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे क्लायंटमध्ये काहीही बदलावं लागत नाही. आरएफसी ४९८७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात हे सविस्तर दिलं आहे. क्विक या जोडणीच्या प्रोटोकॉलमधलं रिट्राय टोकनही याच तत्त्वावर चालतं. लिनक्सवर टीसीपी_सिनकुकीज ही सेटिंग १ वर ठेवा, म्हणजे अर्धवट जोडण्यांची रांग भरल्यावरच कुकी सुरू होतील. २ हे चाचणीपुरतं. एक लक्षात घ्या: लिंकच तुंबली असेल, तर पॅकेट सर्व्हरपर्यंत पोचण्याआधीच गळतात. तिथे कुकीचा उपयोग नाही, फिल्टरिंग आयएसपीकडेच (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडेच) करून घ्यावं लागतं.