वाचकांचे प्रश्न : जादा दिव्यांना वीज कुठून द्यावी?

प्रश्न : माझ्या मोटारसायकलला घाटातल्या धुक्यासाठी 55 वॅटचे दोन हॅलोजन फॉगलॅम्प आणि मोबाइलसाठी यूएसबी चार्जर बसवून घेतला आहे. मेस्त्रींनी दिव्यांची वायर हेडलाइटच्या वायरीला जोडली, चार्जर मात्र थेट बॅटरीला लावला. पावसाळ्यात साताऱ्याहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात फ्यूज उडाला आणि हेडलाइटसह सगळे दिवे गेले. त्यानंतर मेस्त्रींनी 10 अँपिअरच्या जागी 20 अँपिअरचा फ्यूज घातला. आता फ्यूज उडत नाही, पण हँडलजवळ जळका वास येतो. शिवाय गाडी दहा दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सर्वप्रथम तो 20 अँपिअरचा फ्यूज आजच काढा आणि फॉगलॅम्पची वायर सोडवून पूर्वीचा 10 अँपिअरचा फ्यूज बसवा. फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी असतो, असा समज गॅरेजमध्येही सर्रास आढळतो. प्रत्यक्षात तो वायरीच्या रक्षणासाठी असतो. हेडलाइटची मूळ वायर एका बल्बच्या साडेचार-पाच अँपिअर प्रवाहाचा हिशोब धरून घातलेली असते. तुमच्या दोन दिव्यांचे 110 वॅट भागिले 12 व्होल्ट, म्हणजे सुमारे 9 अँपिअर त्यात वाढले आणि एकूण प्रवाह 14 अँपिअरच्या घरात गेला. अशा वेळी 10 अँपिअरचा फ्यूज उडाला, तर त्याने आपले काम चोख केले असेच म्हणावे लागेल. मोठा फ्यूज घातल्यावर सर्वांत आधी वितळणारी वस्तू म्हणून वायरच उरते, आणि तुम्हाला येणारा वास बहुधा तिच्याच आवरणाचा आहे.

वास नेमका हँडलजवळ येण्याचेही कारण आहे. अशा गाड्यांवरची काळी चिकटपट्टी सोडवून पाहिली, की आत तांब्याच्या तारा नुसत्या पीळ देऊन गुंडाळलेल्या दिसतात. पावसाच्या पाण्याने त्यांवर हिरवट भुकटी धरलेली असते, आणि हँडल वळवताना बसणाऱ्या ओढीने निम्म्या तारा तुटलेल्या असतात. उरलेल्या चार-पाच तारांतून सगळा प्रवाह जातो, तो सांधा तापतो आणि दिव्यापर्यंत पुरेसे व्होल्टेज पोहोचत नाही. व्होल्टेज 5 टक्के घटले, तर हॅलोजनचा उजेड साधारण 15 टक्के घटतो. म्हणजे जास्त उजेडासाठी केलेल्या खर्चातला बराचसा भाग वायरीतच उष्णता होऊन जातो.

आता विजेच्या मिळकतीकडे पाहू. गाडीच्या माहितीपुस्तिकेत आल्टरनेटरची, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या, बोलीभाषेतल्या मॅग्नेटोची, क्षमता वॅटमध्ये दिलेली असते, आणि ती इंजिन चढ्या फेऱ्यांवर असतानाची असते. घाटात ट्रकमागे रेंगाळताना त्याहून बरीच कमी वीज मिळते. समजा ती क्षमता 180 वॅट आहे. एप्रिल 2017 पासून आपल्याकडील नव्या दुचाकींचा हेडलाइट दिवसाही बंद करता येत नाही, आणि एप्रिल 2020 नंतरच्या बहुतेक गाड्यांत इंधनाचा विद्युत पंपही आला. या दोन्हींसह इग्निशन, टेललाइट आणि मीटर धरले, तर शंभर-सव्वाशे वॅट आधीच खर्ची पडतात. उरलेल्या साठ-सत्तर वॅटमध्ये 110 वॅटचे दिवे बसत नाहीत, आणि तूट बॅटरीतून भरून निघते. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा, की हॅलोजन काढून प्रत्येकी 20 वॅटचे, पिवळ्या प्रकाशाचे एलईडी दिवे घ्यावेत.

जोडणी करताना बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत 10 अँपिअरचा फ्यूज बसवावा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरीला कोणतेही संरक्षण नसते. तेथून दीड चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या, म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या, 30 क्रमांकाच्या पिनेला द्यावी. 85 क्रमांकाची पिन चेसिसला, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्याला, जोडून अर्थ करावी आणि 86 क्रमांकाची पिन टेललाइटच्या वायरीला जोडावी. रिलेची कॉइल, म्हणजे त्याला चालू करणारी तारेची गुंडाळी, जेमतेम 0.15 ते 0.2 अँपिअर घेत असल्याने मूळ वायरिंगवर भार पडत नाही, आणि चावी बंद केली की सर्व उपकरणे आपोआप बंद होतात. 87 क्रमांकाच्या पिनेतून दिव्यांसाठी आणि चार्जरसाठी 5-5 अँपिअरचे स्वतंत्र फ्यूज घालून दोन वाटा काढाव्यात. दिव्यांचा स्विच त्यांच्या वाटेवर येईल. सांधे डाग देऊन किंवा थिंबल (वायरीच्या टोकाला बसणारी धातूची टोपी) दाबून करावेत, त्यांवर श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवावी, ते टाकीखाली कोरड्या जागी घ्यावेत आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळेल इतकी ढील वायरीला ठेवावी. काम सुरू करताना बॅटरीचे ऋण टोक आधी सोडवावे व शेवटी जोडावे, म्हणजे पाना चुकून चेसिसला टेकला तरी ठिणगी उडत नाही.

बॅटरी उतरण्याबाबत संशय चार्जरवरच जातो. व्होल्टेज दाखवणारा लाल आकडा असलेला चार्जर मोबाइल न लावताही 20 मिलिअँपिअर घेत असेल, तर दहा दिवसांत जवळपास 5 अँपिअर-तास खर्च होतात. 8 अँपिअर-तासांच्या बॅटरीची ती निम्म्याहून अधिक पुंजी झाली. खात्री करायची असल्यास चावी बंद ठेवून ऋण टोक सोडवावे आणि ते टोक व बॅटरी यांच्यामध्ये मल्टिमीटर मिलिअँपिअरवर लावून आकडा पाहावा. त्या वेळी चुकूनही स्टार्टर दाबू नये, नाहीतर मीटरचाच फ्यूज जातो.

प्रश्न : माझ्या जुन्या 100 सीसी गाडीचा हेडलाइट ॲक्सिलरेटर दिला की प्रखर होतो. त्यात एलईडी बल्ब लावला, तो लुकलुकतो. बल्ब खराब आहे का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : बहुधा नाही. तुमच्या गाडीत हेडलाइटला मॅग्नेटोची एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी, वीज थेट मिळते, बॅटरीचा तिच्याशी संबंध नसतो, आणि बहुतेक एलईडी बल्ब डीसीसाठी, म्हणजे बॅटरीसारख्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेसाठी, बनवलेले असतात. इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर एसीवर लावून सॉकेटमध्ये तपासावे. एसी निघाल्यास एसी व डीसी दोन्हींवर चालणारा बल्ब घेणे सर्वांत स्वस्त पडते. नुसती वायर उचलून बॅटरीला जोडू नये, कारण अशा गाड्यांत बॅटरीला मिळणारे चार्जिंग हॉर्न आणि इंडिकेटरपुरतेच असते.