१८१२ चं पदक विकत घेण्याआधी

पहिलं जुनं रशियन पदक घेताय, तर नेपोलियनविरुद्धच्या १८१२ च्या युद्धाचंच बघा. चांदीचं, व्यास साधारण २८ मिमी, समोर किरणांच्या वलयात सर्वसाक्षी डोळा, मागे बायबलमधल्या स्तोत्रातली ओळ: ‘आम्हाला नव्हे, आम्हाला नव्हे, तर तुझ्या नामाला’. तेच चित्र काशाच्या पदकावर दिसलं तर लगेच नकली म्हणू नका. ते १८१४ मध्ये सरदार-जमीनदार आणि व्यापाऱ्यांसाठी ठरवलं गेलं.

आता भिंग घ्या, दहापट मोठं दाखवणारं. माझा सगळा भर इथे आहे. अस्सल पदक ठशाने छापलेलं असतं, त्यामुळे झिजलेलं असलं तरी अक्षरांच्या मुळाशी, खाचेत, कड स्वच्छ राहते. ओतीव नकलेत तिथेच गोलावा येतो, सपाट भागात सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात. धातू थंड होताना आकसतो, म्हणून व्यासही किंचित कमी भरतो; व्हर्नियर कॅलिपर जवळ ठेवाच. काठावर कानशीने घासल्याच्या रेघा असतील तर ओतकामाचा सांधा लपवलाय का, हे तपासा.

फितीवर विसंबू नका, ती सहज बदलता येते. अतिनील दिव्याखाली निळसर-पांढरी चमकली तर ती बहुधा अलीकडची.

पॅरिस जिंकल्याच्या पदकावर १९ मार्च १८१४ ही तारीख आहे. इतिहासात ३१ मार्च वाचून गोंधळू नका, रशियात तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर होतं. आणि हे पदक वाटलं गेलं १८२६ पासून, झार निकोलस पहिल्याच्या काळात. तेव्हा सोबतचा दाखला १८१४-१५ चा असेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

आणि हो, काळवंडलेली चांदी घासून चकचकीत करू नका.