स्वभाव हळवा असेल तर ऑफिसमध्ये स्वतःचा वेळ आणि ताकद कशी राखावी?

तुम्ही लिहिलंय की साहेबांचा आवाज जरा चढला तरी दिवसभर तेच डोक्यात घोळतं, इतरांची कामं तुमच्याच टेबलावर येऊन पडतात, आणि घरी पोचेपर्यंत कुणाशी बोलायचंही त्राण उरत नाही. सगळे म्हणतात ‘नाही म्हणायला शिक’, पण ते जमत नाही.

मी तालुक्याच्या गावी एका बँकेत काउंटरवर बसते आणि स्वभाव तुमच्याचसारखा. ‘नाही म्हणायला शिक’ हे सांगणारे बहुतेक असे असतात की ज्यांना नाही म्हणताना काही वाटतच नाही. आपल्याला समोरच्याचा पडलेला चेहरा आधी दिसतो, शब्द नंतर सुचतात. म्हणून आयत्या वेळी धीट होण्याच्या फंदात पडू नका. काय बोलायचं ते घरूनच ठरवून जा.

नोव्हेंबरचं उदाहरण देते. हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनरांची रांग दारापर्यंत गेलेली असते आणि तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून आवाज येतो, “मॅडम, तेवढं माझं केवायसीचं बघता का? तुमचा हात भरभर चालतो.” माझं वाक्य ठरलेलं आहे: “चारनंतर कॅश टॅली झाली की बघते.” दरवेळी तेच, त्याच सुरात. यात नकार नाही, त्यामुळे माझी जीभ अडखळत नाही. आणि गंमत अशी की चार वाजेपर्यंत निम्मी कामं ज्याची त्यानेच उरकलेली असतात.

त्याच रांगेत एखाद्या आजी असतात. कष्टाने बोटांचे ठसे झिजलेले, मशीन अंगठा घेत नाही. मागचे लोक चुळबुळ करतात आणि आजी आपलाच काही गुन्हा असल्यासारख्या हात पदराला पुसत राहतात. तिथे मी घाई करत नाही. आपला हळवेपणा खर्चायची जागा हीच. मात्र जिथे माहितीने भागतं तिथे जीव आटवत नाही. २०२१ पासून हा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, आणि केंद्राच्या पेन्शनरांपैकी ऐंशीच्या पुढच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो. हे मी दसऱ्याच्या आधीपासून येणाऱ्या-जाणाऱ्याला, त्यांच्या नातवंडांना सांगत सुटते. जितके दाखले घरबसल्या होतील तितकी माझी रांग लहान.

ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाचं वेगळं. पासबुकाचं मशीन बंद पडलं की तो माझ्यावर ओरडतो, कारण काचेपलीकडे मीच दिसते. मी त्याच्या चेहऱ्याकडे न बघता कागदाकडे बघते आणि म्हणते, “आज होतंय की उद्या, एवढं आधी बघू.” तो गेल्यावर लगेच पुढचं टोकन पुकारत नाही. उठते, माठापर्यंत जाते, पाणी पिते. रांग कुरकुरते. कुरकुरू दे. एकाचा राग दुसऱ्याच्या कामात गेला की चूक होते, आणि कॅशमध्ये चूक झाली तर पैसे आपल्याच खिशातून भरायचे असतात.

डबा एकटीने खाल्ला तरी चालतो. आमच्याकडे जेवताना बदल्या आणि प्रमोशनचं पुराण चालतं, ते ऐकून मी कामापेक्षा जास्त दमते. जड दिवशी मी स्टेशनरीच्या खोलीत बसते. सुरुवातीला विचारपूस झाली, आता कुणी विचारत नाही.

रात्री दहाला व्हॉट्सअॅप ग्रुपवर टार्गेटचे आकडे येतात. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. तोवर आपला कायदा आपण करायचा. मी ग्रुप म्यूट केला आणि मॅनेजरना सांगून टाकलं, “अर्जंट असेल तर फोन करा, मी उचलते.” फोन क्वचितच येतो. मेसेज टाकायला विचार लागत नाही, फोन करायला लागतो.

एक मात्र स्वतःला बजावून ठेवा. मानसशास्त्रज्ञ इलेन अॅरन यांनी नव्वदच्या दशकात या हळवेपणावर संशोधन सुरू केलं, तेव्हापासून त्या हेच सांगत आल्या आहेत की हा आजार नव्हे, स्वभावाचा एक प्रकार आहे. पण दोन माणसांचं काम एकावर टाकून वर ‘तू फार मनाला लावून घेतेस’ म्हणणं, हा स्वभावाचा प्रश्नच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने पार गळून जाण्याची, व्याख्या करताना त्याचा संबंध कामाच्या ठिकाणच्या ताणाशीच जोडला आहे. तिथे माठाचं पाणी पुरणार नाही. कोणतं काम आधी आणि कोणतं मागे, हे साहेबांना ईमेलवर विचारा. लेखी विचारलं की बरीच कामं आपोआप मागे सरकतात. आणि झोपच उडाली असेल, सोमवारच्या धास्तीने रविवारीच रडू येत असेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. सरकारी सेवा आहे, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

राहिला साहेबांचा चढलेला आवाज. केबिनमधून बाहेर आल्यावर ते जे बोलले त्यातलं काम तेवढं एका ओळीत लिहा. ‘लोनच्या तीन फायली आज.’ बहुतेक वेळा एवढंच निघतं. लिहिण्यासारखं काहीच निघालं नाही, तर साहेब वरच्या कुणाचं तरी ऐकून आलेत असं खुशाल समजा. आमच्याकडे रिजनल ऑफिसची व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची मीटिंग, मंगळवारी असते, त्यामुळे मंगळवारी मी सह्यांच्या फायली शिपायाच्या हाती आत पाठवते.