मुंबईत वैज्ञानिक संस्थेची परिषद भरवताना सगळ्यात अवघड काय असतं: हॉल, पैसे की वक्ते?

तिन्ही नाही. समितीतल्या ज्येष्ठांना हे पटवणं अवघड असतं की परिषदेला येणारे बहुतेक लोक लोकलने येणार आहेत.

तुम्ही लिहिलंय की 300 जण अपेक्षित आहेत, त्यात निम्मे विद्यार्थी, आणि परिषद पहिल्यांदाच मुंबईत होतेय. म्हणजे तुमची मंडळी सध्या हॉल कुठे बघताहेत ते मला न विचारताच कळलं. दक्षिण मुंबईत. पत्रिकेवर पत्ता भारदस्त दिसला पाहिजे ना!

आमचंही तेच झालं होतं. निवासव्यवस्था माझ्याकडे होती, त्यामुळे हे जरा लांबणार आहे.

हॉल कुलाब्याकडे. निमंत्रित वक्ते तिथून चालत पाच मिनिटांवरच्या हॉटेलात. आणि विद्यार्थी पार नवी मुंबईत, नेरूळच्या एका वसतिगृहात, कारण कुलाब्याच्या भागात विद्यार्थ्यांना परवडतील अशा एवढ्या खाटा एका जागी मला तरी मिळाल्या नाहीत. मी पहिल्याच बैठकीत म्हटलं होतं, माटुंग्याला घेऊ. मध्य रेल्वेचं माटुंगा, पश्चिमेचं माटुंगा रोड, हार्बरचं किंग्ज सर्कल, तिन्ही जवळ. कॉलेजचं सभागृह मिळेल, समांतर सत्रांना वर्ग मिळतील, नाश्त्याला दारात उडपी. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, ही राष्ट्रीय परिषद आहे, कॉलेजचं गॅदरिंग नाही." सगळे हसले. विषय संपला.

पोस्टर सत्र, म्हणजे विद्यार्थी आपलं संशोधन पोस्टरवर मांडून बोर्डापाशी उभे राहतात आणि परीक्षक फिरून बघतात ते, रविवारी सकाळी साडेअकराला ठेवलं होतं. रविवार म्हटल्यावर मुंबईकराच्या डोक्यात पहिला शब्द मेगाब्लॉकच यायला हवा, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकलचा एखादा टप्पा काही तास बंद. मध्य आणि हार्बरवर जवळजवळ दर रविवारी कुठे ना कुठे तो असतोच, साधारण अकरा ते चार-साडेचार, आणि नेमका कुठे ते एक-दोन दिवस आधी कळतं. त्या आठवड्यात तो हार्बरवर चुनाभट्टी ते सीएसएमटी होता. शनिवारी बातमी वाचल्या वाचल्या मी अध्यक्षांना गाठलं. म्हटलं, पोस्टर जेवणानंतर घ्या, नाहीतर सकाळी नेरूळला दोन बस पाठवा. बसला बजेट नव्हतं. शाली, श्रीफळं, पुष्पगुच्छ आणि प्रत्येक सत्राध्यक्षाला काचेचं स्मृतिचिन्ह, याला होतं. "तरुण मुलं आहेत, लवकर निघतील," असं उत्तर मिळालं.

शनिवारी रात्रीचं जेवण आणि सांस्कृतिक कार्यक्रमही कुलाब्यालाच होता. भाषणं लांबली. मुलं नेरूळला पोचेपर्यंत एक वाजून गेला. सकाळी मी फोन करकरून जेवढ्यांना उठवता आलं तेवढ्यांना बाहेर काढलं, पण निम्मीअधिक दहानंतरच निघाली. पनवेलहून येणाऱ्या गाड्या कुर्ल्यालाच संपत होत्या. तिथे उतरायचं, पुलावरच्या गर्दीतून पोस्टरची ट्यूब डोक्यावर धरून मुख्य लाइनच्या फलाटावर जायचं, मिळेल त्या गाडीत घुसायचं, सीएसएमटीला उतरून टॅक्सीसाठी भांडायचं. नांदेडहून आलेली एक मुलगी आपलं पोस्टर लावायला लागली तेव्हा मागे जेवणाची रांग लागली होती.

परीक्षक तोवर फिरून गेले होते. रिकाम्या बोर्डांसमोर त्यांनी यादीत 'अनुपस्थित' लिहिलं होतं. मी म्हटलं, दुपारी पुन्हा एक फेरी मारा. एक वयस्कर प्राध्यापक तेवढे उठले आणि प्रत्येक बोर्डापुढे उभे राहून प्रश्न विचारत गेले. बक्षिसं मात्र सकाळच्याच यादीवर जाहीर झाली. समारोपात अध्यक्ष तरुण पिढीच्या वक्तशीरपणावर बोलले. त्यांची गाडी तीनही दिवस हॉलच्या दाराशी उभी होती, ड्रायव्हरसकट.

पहिली इंडियन सायन्स काँग्रेस 1914 साली कलकत्त्याला भरली तेव्हा 105 शास्त्रज्ञ आणि 35 निबंध होते. तेवढ्यांचं एकमेकांचं बोलणं झालं असेल. आता आपण शेकड्यांनी पोस्टरं मागवतो, कारण नोंदणी शुल्क त्यातून येतं, आणि ज्यांनी शुल्क भरलं त्यांनाच कोणी ऐकत नाही.

आता तुमचा प्रश्न. पैशाचं म्हणाल तर सरकारी अनुदान मंजूर झालं तरी परिषदेआधी हातात पडेल असं धरू नका. संस्थेच्या ठेवीतून खर्च करायची तयारी ठेवा आणि बिलं पहिल्या दिवसापासून फाइलला लावा, नाहीतर युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे अनुदान कशावर खर्च झालं त्याचा दाखला, देताना रडायची वेळ येते. संस्थेची उलाढाल 20 लाखांपुढे जात असेल तर नोंदणी शुल्कावर आणि कंपन्यांच्या स्टॉलवर 18 टक्के जीएसटी धरा. केटररशी ताटांवर ठरवा आणि कूपन गोळा करायला आपलाच माणूस बसवा. परदेशी वक्त्याला कॉन्फरन्स व्हिसा लागतो, टुरिस्ट व्हिसावर या असं चुकूनही लिहू नका. ए-झिरो पोस्टर 841 बाय 1189 मिलिमीटरचं असतं, डेकोरेटरचे बोर्ड आधी मोजून बघा. वक्त्यांचं काय? ते येतात हो. मुंबई म्हटलं की सगळे येतात.

हो, हेही सांगायला हवं की आता मेट्रो 3 आरेपासून कफ परेडपर्यंत धावते, त्यामुळे पश्चिम उपनगरांत राहणाऱ्यांसाठी माझं अर्धं भांडण मिटलंय. नेरूळवाल्यांचं नाही. आणि मेगाब्लॉक टाळायला परिषद कामाच्या दिवशी घ्यावी म्हणाल, तर सकाळी साडेआठला ठाण्याहून ट्यूब घेऊन चढून दाखवा. मग पहिलं सत्र साडेदहाच्या आधी ठेवू नका, आणि कॉलेजचा हॉल सुट्टीशिवाय मिळणार नाही हेही आलंच.

हॉल पक्का करण्याआधी तुमच्या अध्यक्षांना तो दाखवायला न्यालच. गाडीने नेऊ नका. ब्लॉक असलेल्या रविवारी सकाळी अकराला वाशी स्टेशनवर भेटा, हातात एक पोस्टरची ट्यूब द्या, आणि ॲडव्हान्सचा चेक परत आल्यावर लिहा.